बाळाच्या तोंडातली बुरशी जाते आणि परत येते, तेव्हा काय तपासायचं

माझी मुलगी जूनमधली. भर पावसात बाळंतपण, तेही सिझेरियन. ती तीन आठवड्यांची झाली तेव्हा तिच्या तोंडात पहिल्यांदा बुरशी दिसली. औषध घातलं, चार-पाच दिवसांत गेली. पंधरवड्यानं परत आली. पुन्हा तेच औषध, पुन्हा गेली, आणि गणपतीच्या चवथीच्या तोंडावर तिसऱ्यांदा आली. घरात माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान येऊन पडलेलं, आणि मी तिला मांडीवर घेऊन मोबाईलच्या उजेडात गालाच्या आत बघत बसलेली. दर वेळी वाटायचं, औषधच कमी पडतंय. औषध बरोबर होतं. बुरशी तिच्या तोंडातून जायची आणि माझ्या अंगावरून, औषधाच्या ड्रॉपरवरून, बोंडल्यातून (गुटी पाजायच्या चोचीच्या भांड्यातून) फिरून परत तिच्याच तोंडात यायची. हे कळायला मला अडीच महिने लागले. तुम्हाला तेवढे लागू नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी एक खात्री करून घ्या, की ती बुरशीच आहे.

नुसत्या दुधाचा थर बहुतेक वेळा जिभेवरच असतो, पातळ असतो, आणि स्वच्छ ओलं मऊ कापड बोटाला गुंडाळून हलकेच फिरवलं की निघतो. बुरशी जिभेवर तर असतेच, पण गालांच्या आतल्या बाजूला, ओठांच्या आत, हिरड्यांवर, टाळूलाही असते. फाटलेल्या दुधाच्या कवड्या चिकटून बसाव्यात तशी दिसते. ती सहज निघत नाही, आणि जोर लावून काढली तर खाली लालभडक कातडी दिसते, कधी रक्ताचा थेंबही येतो. म्हणून जोर लावू नका. आमच्या सासूबाई पहिल्या खेपेला म्हणाल्या, "बाये, दूध बसलंय गे जिभेवर, पुसून काढ." मी दोन दिवस पुसत राहिले, तशी मुलगी दूध ओढताना रडायला लागली. त्यांचं चुकलं असं नाही, जिभेवरून बघून कुणालाही तसंच वाटेल. गालाची आतली बाजू बघितली असती तर लगेच कळलं असतं.

आणखी एक गोष्ट फसवते. नवजात बाळाच्या टाळूवर किंवा हिरड्यांवर मोहरीएवढे पांढरे, टणक मणी दिसतात. पुष्कळांना ते दात वाटतात, काहींना बुरशी. ते निरुपद्रवी असतात, काही आठवड्यांत आपोआप जातात. त्यांना काही लावायचं नसतं.

ही बुरशी म्हणजे कॅन्डिडा अल्बिकन्स. ती बाहेरून आलेली कुणी परकी नाही. आपल्या तोंडात, आतड्यात, त्वचेवर ती थोडीफार असतेच, आणि इतर जिवाणू तिला वाढू देत नाहीत. नवजात बाळाची प्रतिकारशक्ती अजून तयार होत असते, म्हणून तिथे तिला मोकळं रान मिळतं. त्यात आईला किंवा बाळाला अँटिबायोटिक मिळालं असेल तर तिला आवरणारे जिवाणूही मरतात. माझ्या सिझेरियननंतर मला अँटिबायोटिकं होतीच. बाळंतपणाच्या वेळी आईच्या योनिमार्गात बुरशी असेल तर बाळाला तिथूनही लागते. यात आईच्या स्वच्छतेचा दोष नसतो, आणि खाण्याचा तर नाहीच. "गोड खाल्लंस म्हणून बाळाचं तोंड आलं" असं कुणी म्हटलं तरी मेथ्यांची पेज आणि अळिवाचे लाडू बंद करू नका. बाळंतिणीनं उपाशी राहून बाळाची बुरशी जात नाही.

तिसऱ्या खेपेला आम्ही ज्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो त्यांनी बाळाचं तोंड अर्धा मिनिट पाहिलं असेल. मग मला विचारलं, "तुम्हाला दुखतंय का?" तोवर हे मला कुणीही विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. दुखत होतं. पहिला महिना नीट गेला होता, नंतर दोन्ही बाजूंना आग सुरू झाली. बाळ पीत असताना तर व्हायचीच, पण पिऊन झाल्यावर जास्त, अर्धा-पाऊण तास. मिरच्या चिरलेला हात लागावा तशी. बोंडं (स्तनाग्रं) गुलाबी, चकचकीत दिसत होती, कडेला बारीक पापुद्रे होते. मला वाटलं होतं, अंगावर पाजताना असं होतच असेल.

पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण हे. बाळाला औषध आणि आईला काहीच नाही. बाळाचं तोंड स्वच्छ झालं तरी ते दिवसातून आठ-दहा वेळा त्याच बोंडाला लागतं. दोघांवर उपचार एकाच दिवशी सुरू व्हायला हवेत. बाळाच्या तोंडात नायस्टॅटिनचे थेंब किंवा क्लोट्रिमाझोलचं तोंडात लावायचं औषध, आणि आईला बोंडांवर लावायला क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोलचं मलम, असं साधारण देतात. कुठलं आणि किती ते डॉक्टरांनी ठरवायचं, बाळाचं वय आणि वजन बघून. मलम पाजून झाल्यावर अगदी पातळ लावायचं, आणि पुढच्या वेळेपर्यंत काही शिल्लक दिसलं तर पाजण्याआधी ओल्या कापडानं हलकेच टिपून घ्यायचं. आईचा त्रास मलमानं आटोक्यात येत नसेल तर डॉक्टर तिला फ्लुकोनाझोलच्या गोळ्या देतात. ते औषध दुधात उतरतं, पण इतकं थोडं की त्यानं बाळाची बुरशी जात नाही. बाळाचं औषध वेगळं चालू ठेवावंच लागतं.

दुसरं कारण माझ्या हातातच होतं. नायस्टॅटिनचा ड्रॉपर मी थेट तिच्या गालाला टेकवायची आणि तसाच बाटलीत परत घालायची. म्हणजे तोंडातली बुरशी लागलेला ड्रॉपर रोज चार वेळा औषधात बुडत होता. बाईंनी सांगितलं ते असं: औषध आधी उकळून घेतलेल्या लहान चमच्यात काढा, हात साबणानं धुवा, आणि स्वच्छ बोटानं किंवा कापसाच्या काडीनं गालांच्या आत, हिरड्यांवर, जिभेवर फिरवा. उरलेलं चमच्यातलं टाकून द्या, बाटलीत परत ओतू नका. आणि औषध दूध पाजून झाल्यावर लावा. आधी लावलं तर दुधाबरोबर धुऊन पोटात जातं. हे औषध चट्ट्यांवर जितका वेळ टिकेल तितकं काम करतं. मी आधीच्या दोन्ही खेपांना पाजण्याआधीच घालत होते, कारण पोट भरल्यावर ती झोपायची आणि मला तिला उठवायचं नसायचं.

तिसरं, मी औषध लवकर थांबवत होते. डाग दिसेनासे झाले की बाटली फ्रिजवर ठेवून द्यायची. डोळ्यांना दिसत नाही म्हणजे बुरशी संपली असं नसतं. चट्टे पूर्ण गेल्यावरही निदान दोन दिवस औषध चालू ठेवायचं, आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर त्याहून जास्त दिवस लिहिले असतील तर तितके. आईचं मलमही बाळाच्या औषधाबरोबरच बंद करायचं, आधी नाही.

मग त्यांनी विचारलं, "तोंडात आणखी काय काय जातं?" मी म्हटलं काहीच नाही, दुधाशिवाय. सासूबाई शेजारी होत्या, त्या म्हणाल्या, बोंडल्यानं गुटी देतो की. चांदीचं जुनं बोंडलं, माझ्या नवऱ्याच्या वेळचं. गुटी दिली की पाण्यानं विसळून फडताळात उपडं घालत होतो. घरी येऊन मी त्याच्या चोचीत बारीक काडी घातली तर आतून पिवळट चिकट थर निघाला, दूध आणि उगाळलेल्या मुळ्यांचा. बोंडल्याची चोच आतून हातानं घासता येत नाही, आणि तिथे ओल कायम राहते. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काही लागत नाही असं डॉक्टर सांगतात, आणि आम्ही त्या दिवसापासून गुटी बंदच केली. सासूबाईंना वाईट वाटलं, पण तो थर त्यांनीही पाहिला होता.

तुमच्याकडे बाटलीचं निपल, चोखणी, दूध काढायच्या पंपाचे भाग, दात येताना चावायचं रबर असं काही असेल तर उपचार चालू असेपर्यंत ते रोज गरम पाणी आणि साबणानं धुऊन वीस मिनिटं उकळा. उकळल्यावर स्वच्छ कापडावर पूर्ण कोरडं होऊ द्या. आठवडाभरानं निपल आणि चोखणी बदलून टाका, जुन्या रबराच्या भेगांत बुरशी राहते. चोखणी खाली पडली की आपण आपल्या तोंडात घालून पुसून देणं तर आजच सोडा. पंपाचे कुठले भाग उकळलेले चालतात ते त्याच्या खोक्यावर बघून घ्या. मोठं भावंड असेल तर त्याचेही हात आणि बाळाच्या तोंडात जाणारी खेळणी धुवायला हवीत.

आता कपडे. हे मी जास्त लिहिणार आहे, कारण बाहेरच्या माहितीत "उन्हात वाळवा" एवढंच असतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ऊन कुठून आणायचं? गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. आमच्या डिचोलीकडे तर जुलैत ओटीवर टाकलेली चादर चार दिवस ओली राहते. लंगोट पातळ असतात, ते पंख्याखाली सुकतात. ब्रा सुकत नाही. तिचा कप दुहेरी, कडेला इलास्टिक. वरून हात लावला तर कोरडी वाटते. कपाची खालची शिवण गालाला किंवा वरच्या ओठाला लावून बघा. थंड लागली तर ती ओली आहे. मी हे करून बघितलं तेव्हा कपाटात घडी घालून ठेवलेल्या पाचांपैकी तीन ओल्या निघाल्या. म्हणजे मी मलम लावून वर ओलं कापड घालत होते, दिवसभर, आणि दुधाची ओल त्यात आणखी. कॅन्डिडाला ऊब आणि ओल याहून जास्त काही नको असतं.

मी काय केलं ते सांगते. ब्रा, रात्रीचे गाऊन, लंगोट, दुपटी, अंग पुसायचे पंचे, सगळे वेगळ्या बादलीत घेतले आणि कापडाला झेपेल तितक्या कढत पाण्यात धुतले. न्हाणीतल्या चुलीवर पाणी तापतंच, तेच वापरलं. मशीन असेल तर ६० अंशांवर लावा. पिळून पंख्याखाली, आणि शेवटी इस्त्री, शिवणींवर दोनदा. वीज गेली तर इस्त्री राहायची, म्हणून उजेड असेल तेव्हा सकाळीच उरकायची. कपाटात ठेवायच्या आधी ओठाला लावून बघायचं. आतले दूध टिपायचे पॅड ओले झाले की लगेच बदलायचे, प्लॅस्टिकचं अस्तर असलेले टाळायचे. साध्या सुती पंच्याच्या चौकोनी घड्याही चालतात, मी त्याच वापरल्या. आणि दिवसातून दोन-तीन वेळा दार लावून थोडा वेळ अंग उघडं ठेवायचं, पाजल्यावर. बाळंतिणीच्या खोलीत हे सहज जमतं.

आमच्याकडे शेगडीवर टोपली उपडी घालून बाळाचे कपडे शेकवायची रीत आहे, निखाऱ्यावर ओवा आणि शेपा टाकून. कपडे शेकवायला हरकत नाही, पण बाळाला त्या धुरात ठेवू नका, आणि टोपलीवर एकच बाजू सुकते, आतली घडी ओलीच राहते हे लक्षात ठेवा. उलटून घ्या.

लंगोटाच्या जागीही बघा. बाळ गिळतं ती बुरशी पोटातून खाली उतरते. साधी पुरळ बहुधा उंचवट्यांवर येते, लघवी लागते तिथे. बुरशीची पुरळ जांघेच्या घड्यांत शिरते, गडद लाल असते, आणि कडेपासून जरा दूर सुटे बारीक लाल ठिपके असतात. ते दिसले तर तिथेही बुरशीचं मलम लागेल, तेही त्याच वेळी. लंगोट बदलल्यावर हात धुतल्याशिवाय बाळाला छातीशी घेऊ नका.

या मलमावरून सांगते. दुसऱ्या खेपेला आम्ही फार्मसीतून चिठ्ठीशिवाय एक ट्यूब आणली होती. दोन दिवसांत लाली उतरली, आठवड्यानं दुप्पट होऊन आली. नंतर ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली तर त्यात बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासॉल होतं. ते फार जोरदार स्टेरॉइड. अशी तीन-तीन औषधं एकत्र केलेली मलमं आपल्याकडे सर्रास मिळतात. स्टेरॉइडनं लाली झाकली जाते आणि खाली बुरशी वाढत राहते, शिवाय बाळाची कातडी पातळ होते. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एकही नाव दिसलं तर ती ट्यूब डॉक्टरांना दाखवल्याशिवाय बाळाला लावू नका, बोंडांना तर नाहीच.

मध आणि टाकणखार (बोरॅक्स) एकत्र करून बाळाच्या तोंडाला लावायचा जुना उपाय अजून सांगितला जातो. कृपा करून करू नका. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो, त्यातून बॉट्युलिझम होऊ शकतो आणि त्यात बाळाचे स्नायू लुळे पडतात. टाकणखार पोटात गेला तर विषारी आहे, बाळाला झटके येऊ शकतात. जांभळं औषध, म्हणजे जेन्शियन व्हायोलेट, आपल्या आयांच्या वेळी सगळे लावायचे. त्यानं बाळाच्या तोंडाला जखमा होऊ शकतात, आणि २०१९ साली कॅनडाच्या आरोग्य खात्यानं त्याच्यामुळे कर्करोगाचा संभाव्य धोका असल्याचा इशारा दिला. आता त्याहून चांगली औषधं आहेत. मायकोनाझोलची तोंडातली घट्ट जेल चार महिन्यांखालच्या बाळाला देत नाहीत, ती घशाशी अडकून श्वास कोंडू शकतो. घरात मोठ्या कुणासाठी आणलेली असेल तर ती वापरू नका.

पाजणं मात्र थांबवू नका. दोघांवर उपचार चालू असताना पाजायला काहीच अडचण नाही. बाळ जास्त रडत असेल तर थोडं थोडं, जास्त वेळा द्या. या दिवसांत काढलेलं दूध ताजं ताजं द्या, साठवून ठेवू नका. फ्रीझरमध्ये गोठवल्यानं बुरशी मरत नाही, ती दूध वितळल्यावर परत जागी होते. मी पणजीला कामावर परत जायचं म्हणून आधीपासून डबे भरत होते. त्यांतले त्या पंधरा दिवसांचे डबे वेगळे काढले आणि औषध चालू असतानाच वापरून संपवले.

एवढं सगळं करूनही आईचं दुखणं जात नसेल, आणि बाळाच्या तोंडात काहीच दिसत नसेल, तर ती बुरशी नसेलही. पुष्कळ बायकांना बुरशीचं मलम महिना-महिना लावायला लावतात आणि खरं कारण बाळाची पकड असते. पिऊन झाल्यावर बोंड घासलेल्या खडूसारखं तिरकं, चपटं होऊन बाहेर येतं का बघा. दुखणं एकाच बाजूला आहे का, पहिल्या दिवसापासूनच आहे का, पीत असतानाच जास्त आहे का? ही पकडीची लक्षणं. बाळाचं तोंड जांभईएवढं उघडायला हवं, हनुवटी स्तनाला टेकलेली हवी, आणि नुसतं बोंड नव्हे तर खालचा काळा भागही तोंडात हवा. बोंड पिऊन झाल्यावर पांढरं पडून मग निळसर किंवा लाल होत असेल, गारठ्यात जास्त होत असेल, तर ते रक्तवाहिन्या आकसल्यामुळे होतं. त्याला ऊब लागते, बुरशीचं मलम नाही. एका बाजूला गाठ, लाली आणि अंगात ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बाळ नीट पीत असेल आणि एक-दोनच चट्टे असतील तर डॉक्टर कधी कधी काही दिवस थांबायला सांगतात, ते आपोआप जातात. पण बाळ दूध ओढेनासं झालं, दिवसाला सहापेक्षा कमी लंगोट ओले होऊ लागले, फार सुस्त वाटलं, किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट ताप आला, तर थांबायचं नाही. रात्र असली तरी म्हापशाचं जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आहे, आणि १०८ ला फोन लावता येतो. आठवडाभर नीट औषध देऊनही फरक नसेल तर परत दाखवा. सगळं पाळूनही बुरशी पुन्हा पुन्हा येत असेल, किंवा बाळ नऊ महिन्यांच्या पुढचं असून तोंड येत असेल, तर बाळाची प्रतिकारशक्ती आणि आईची रक्तातली साखर तपासायला सांगतात. गरोदरपणात साखर वाढली होती तर ते न विचारता सांगा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसीच्या तारखा तोंड आलंय म्हणून पुढे ढकलू नका. उलट तिथल्या नर्सबाईंना तोंड उघडून दाखवा.

जाताना सगळी औषधं बरोबर न्या, संपलेल्या ट्यूबसुद्धा, आणि कुठलं किती दिवस दिलं ते कागदावर लिहून न्या. बाळाच्या तोंडाचा फोटो सकाळी पाजण्याआधी, खिडकीपाशी काढा. संध्याकाळच्या गर्दीत, नुकतंच प्यायलेल्या बाळाच्या तोंडात काहीच धड दिसत नाही. आमच्या बाईंनी चौथ्या भेटीला त्या फोटोंवरूनच औषध आणखी चार दिवस वाढवलं होतं.